तुम्ही कुठल्या पेठेचे?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिकीट काढून आत शिरल्याबरोबर एक प्रश्न समोर आला. "कुठल्या पेठंचं म्हणायचं?" विचारणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, डोक्याला पांढरी टोपी, हातात शेंगदाण्याची पुडी. प्रश्नात आगाऊपणा नव्हता. कुणी कुठे बसायचे हे तिथे पेठेवरून ठरते, आणि चुकीच्या घोळक्यात बसून चुकीच्या गोलला टाळी वाजवली तर दुपार महागात पडू शकते. आम्ही म्हटले, "बेळगावचे." गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग पावणं की! या, हिकडं बसा. हिकडं सावली हाय." सामना संपेपर्यंत त्यांनी आम्हाला दोन्ही संघांची कुळकथा सांगितली. कुणाचे आजोबा कुणाच्या आजोबांविरुद्ध खेळले, कुणाच्या काकांनी कुठल्या साली पेनल्टी चुकवली, सगळे त्यांना तोंडपाठ होते.

हाच प्रश्न आम्ही पुढे अनेक मैदानांवर ऐकला. बोली बदलली, शब्द बदलले, प्रश्न तोच. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या घरांना तो नवा नाही. आपण कुठले आणि कुणाचे, याची उत्तरे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या अर्जांवर लिहून द्यावी लागली आहेत. पण मैदानावर कुणी हे विचारले तर वाईट वाटत नाही, कारण तिथे तो प्रश्न सावलीत बसवण्यासाठी विचारलेला असतो.

आम्ही चौघे. एक बँकेतून निवृत्त, दोघे शाळामास्तर, आणि एकाने दुकान मुलाच्या हाती सोपवलेले. चौघांपैकी कुणीही शाळेपुढे फुटबॉल खेळलेला नाही. गेली दहा-बारा वर्षे दिवाळीपासून वळीव पडेपर्यंत, जमेल त्या रविवारी, आम्ही एक गाडी काढतो आणि बेळगावपासून दोन-तीन तासांच्या टापूतल्या एखाद्या छोट्या मैदानावर सामना पाहायला जातो. आमचे नियम साधे आहेत. टीव्हीवर दिसणारे सामने टाळायचे. एका फेरीत एकच मैदान. आणि गाडीत कुंद्याचा एक जादा डबा ठेवायचा, जो कुणी सावलीत बसवेल त्याच्यासाठी. घरातली मंडळी याला आमची वारी म्हणतात. कौतुकाने की उपहासाने, ते अजून कळलेले नाही.

आमच्यातल्या एकाचा भाचा इंग्लंडात असतो. त्याच्याकडून कळले की तिकडे या छंदाला चांगली प्रतिष्ठा आहे. इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत, आणि या सर्वांच्या मैदानांवर सामना पाहिलेल्या प्रेक्षकांचीच १९७८ पासून एक संस्था आहे. पण खरे भक्त त्याहून खाली उतरतात. पाचवी, सहावी, आठवी श्रेणी. जिथे दोन-तीनशे माणसे कठड्याला टेकून उभी असतात आणि चहा घरगुती असतो. शेफील्डच्या सँडीगेट नावाच्या मैदानावर १८६० पासून फुटबॉल खेळला जातो, आणि आजही एक छोटा क्लब तिथे खेळतो. मैदानाला एका अंगाला चांगला उतार आहे. भाच्याने फोटो पाठवला तेव्हा आम्ही चौघेही एकदम म्हणालो, "अरे, हे तर आपल्या शाळेचे मैदान!"

छोट्या मैदानावर इतिहास पाटीवर लिहिलेला नसतो. तो बाकावर शेजारी बसलेला असतो. आम्ही जे ऐकले, पाहिले आणि मग पुस्तकांतून ताडून पाहिले, ते इथे थोडक्यात मांडतो. फुटबॉल आपल्या भागात तीन वाटांनी आला: छावणीतून, चर्चच्या शाळेतून आणि तालमीतून. तिन्ही वाटा बेळगावपासून एका दिवसात पाहून परत येता येतात.

छावणीची वाट

पहिली वाट आपल्या दारातूनच जाते. १८१८ साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे इथे लष्करी छावणी वसली. पुणे, खडकी, नगर, देवळाली इथेही तेच. लंडनमध्ये १८६३ साली फुटबॉलचे नियम ठरले, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गोऱ्या शिपायांबरोबर तो खेळ हिंदुस्थानातल्या छावण्यांत पोहोचला. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरंड स्पर्धा सुरू झाली, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता. पुढे कित्येक वर्षे या चषकांवर पलटणींचीच नावे कोरली गेली. आपली माणसे कुंपणापाशी उभी राहून पाहत होती.

पाहणाऱ्यांनी खेळ उचलला. १९११ साली मोहन बागानने अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला कलकत्त्यात हरवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मुंबईच्या रोव्हर्सची गोष्ट मात्र आपल्याकडे कमी सांगितली जाते. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. चषक भारतीय हातांत यायला १९३७ साल उजाडले, आणि तो नेला बंगळूरच्या मुस्लिम क्लबने. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स जिंकली. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. आमच्यातल्या दोन्ही मास्तरांना हा तपशील फार प्रिय आहे. आपल्या हैदराबादच्या नातेवाइकांकडे जुन्या मंडळींना ते अजून 'रहीमसाहेब' म्हणून आठवतात.

बेळगावात छावणीला शाळेची जोड मिळाली. १८५६ साली स्थापन झालेल्या सेंट पॉल्स शाळेच्या मैदानावर शहरातल्या किती पिढ्यांनी पहिला चेंडू मारला, हे मोजणे कठीण आहे. फादर एडी यांच्या स्मरणार्थ तिथले माजी विद्यार्थी शालेय संघांची स्पर्धा भरवतात. आमच्या वारीत सर्वांत जवळचे मैदान तेच. गाडी काढावी लागत नाही, म्हणून आम्ही त्याला वारी मानत नव्हतो. ती आमची चूक होती, आणि तिच्याकडे शेवटी येऊ.

तालमीची वाट

दुसरी वाट पुणे-बंगळूर महामार्गाने उत्तरेला जाते. निपाणी ओलांडले की कागल, आणि मग कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान अजून उभे आहे. शाहू स्टेडियम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. या दोन मैदानांमधले अंतर म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास, असे म्हटले तरी चालेल.

कोल्हापुरात संघांची नावे ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. मध्येच प्रॅक्टिस फुटबॉल क्लबसारखे एखादे इंग्रजी नाव येते, पण आधाराला पुन्हा पेठच. ही कुणा कंपनीची नावे नाहीत. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची. पण कोल्हापुरात ती तेवढीच कधी नव्हती. गल्लीचा गणपती तिथेच बसतो, मोहरमचे पंजे अनेक तालमींत बसतात, शिवजयंतीची मिरवणूक तिथून निघते, पेठेतल्या भांडणांचा न्यायही पूर्वी तिथेच होई. तालमीकडे तरुण पोरे होती, वर्गणी गोळा करायची सवय होती, आणि राखायला अब्रू होती. फुटबॉलच्या संघाला यापेक्षा जास्त लागते काय? एक चेंडू आणि अकरा जोड बूट. आमच्या मते कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो यामुळे. परका खेळ आला, पण घर आयते मिळाले.

म्हणूनच तिथला सामना हा दोन पेठांचा सामना असतो. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची चुरस समोरासमोर असली की चार वाजताच्या सामन्याला दोन वाजल्यापासून माणसे येऊन बसतात. आजोबा, मुलगा, नातू एकाच ओळीत. पंचाने शिट्टी उशिरा वाजवली तर तिन्ही पिढ्या एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात, तो इथे लिहिता येणार नाही. ही ईर्ष्या कधी हाताबाहेरही जाते. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले, स्पर्धा अर्ध्यावर सोडाव्या लागल्या, असे कोल्हापूरने एकदा नव्हे अनेकदा पाहिले आहे. आमचे टोपीवाले यजमान याबद्दल बोलताना खाली पाहत होते. "खेळ पोरांचा, आन्‌ भांडाण आमचं," एवढेच म्हणाले.

आणखी एक मर्यादा दिसते. पेठेचा संघ पेठेतच राहतो. इतके प्रेक्षक, इतकी हौस असूनही तालमीचा एकही संघ देशाच्या वरच्या श्रेणीत गेला नाही. वर जायचे तर मुलाला शहर सोडावे लागते. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याची तयारी झाली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. त्या वर्षी पेठापेठांत त्याचे फलक लागले होते, आणि त्यात तो कुठल्या पेठेचा हा वाद कुणी घातला नाही. कोल्हापूरचा म्हणून सर्वांनी त्याला आपला म्हटला.

याच वाटेवर, पण अलीकडे, संकेश्वरहून डावीकडे वळले की हिरण्यकेशीकाठी गडहिंग्लज लागते. तालुक्याचे गाव, पण फुटबॉलवेडे. दिवाळीत तिथे एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा भरते आणि बाहेरगावचे, परराज्यांतले संघ येतात. फराळाचे डबे घेऊन आलेली कुटुंबे मैदानाच्या कडेने बसलेली असतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई नाइलाजाने सामन्याला आलेले असतात आणि उत्तरार्धापर्यंत तेच सर्वांत मोठ्याने ओरडत असतात. पहिल्या वेळी आम्हाला तिथे कुणी पेठ विचारली नाही. एका बाईंनी विचारले, "कुणाकडं आलाय?" फुटबॉल पाहायलाच आलोय म्हटल्यावर त्यांनी चकलीचा डबा पुढे केला. आमचा कुंद्याचा डबा त्या दिवशी गडहिंग्लजला राहिला.

चर्चच्या अंगणातली वाट

तिसरी वाट जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक पाद्री गोव्यात शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना फुटबॉल शिकवला, अशी नोंद आहे. राज्य पोर्तुगीजांचे, पण खेळ आणला ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्या धर्मगुरूने. पुढे चर्चच्या शाळांनी तो गावोगाव नेला. त्या काळी इंग्रजी शिक्षणासाठी गोव्यातली मुले बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबईला येत. सुट्टीत घरी जाताना ती पुस्तकांबरोबर खेळही घेऊन जात असणार.

गोव्यातले गावचे मैदान बहुधा चर्चसमोर किंवा कपेलाच्या बाजूला असते. नाहीतर भात कापल्यावरचे मोकळे शेत. चुन्याच्या रेघा ओढल्या, बांबूचे गोल उभे केले की स्पर्धा सुरू. दुपारी चारच्या सुमारास गाव बाहेर पडते. हातगाडीवर रोस-ऑम्लेट, शेजारी चणे-शेंगदाणे. कोल्हापूरसारखा गजर इथे नसतो. माणसे शांत बसतात आणि गोल झाला की एकदम उठतात. एका मैदानावर शेजारच्या आजोबांनी विचारले, "तुमी खंयचे?" बेळगावचे म्हटल्यावर ते हसले. "म्हळ्यार आमची भाजी येता थंयचे!" गोव्याच्या स्वयंपाकघरात आपले स्थान काय आहे ते त्या एका वाक्यात कळले.

फुटबॉल हा गोव्यातल्या ख्रिस्ती गावांचा खेळ, असा आपल्याकडे एक समज आहे. तो अर्धाच खरा. भारताचे कर्णधारपद भूषवलेले, अर्जुन पुरस्कार मिळालेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे ताळगावचे. चवथीला घरी गणपती आणणाऱ्या घरांतली मुलेही त्याच मैदानांवर वाढली. संतोष करंडक गोव्याने १९८३ मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे आणि १९८४ मध्ये एकट्याने जिंकला, तेव्हा पेडण्यापासून काणकोणपर्यंत सारा गोवा एक झाला होता. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाचा सुवर्णचषकही फुटबॉललाच दिला गेला. आणि वास्कोच्या मैदानाचे नाव काय? टिळक मैदान. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना देणाऱ्या लोकमान्यांच्या नावाच्या मैदानावर आपण फुटबॉल पाहतो आहोत, याची गंमत आम्हाला दर खेपेला वाटते.

मालक कोण?

इथपर्यंतची गोष्ट आनंदाची. आता थोडी कडू.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय फुटबॉलची राजधानी गोवा होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि पहिल्या सहाही वर्षांची विजेतेपदे गोव्याच्या क्लबांकडे गेली: तीन वेळा धेंपो, दोन वेळा चर्चिल, एकदा साळगावकर. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्याने कोलकात्याला सहा वर्षे मागे बसवले.

मग काय झाले? २०१० साली मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २०११ साली पंजाबचा जेसीटी हे दोन जुने संघ त्यांच्या मालक कंपन्यांनी बंद केले. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. गोव्याच्या मोठ्या क्लबांमागची घराणी बरीचशी त्याच व्यवसायातली. २०१४ मध्ये नवी, झगमगती इंडियन सुपर लीग आली. २०१६ मध्ये देशातल्या स्पर्धांच्या फेररचनेवरून नाराज होऊन साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांचे म्हणणे चूक होते असे नाही. वरच्या श्रेणीची दारे बंद होणार असतील तर खर्च कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण प्रेक्षकाच्या बाजूने पाहा. ज्या माणसाने तीस वर्षे एका संघासाठी उन्हात बसून घसा बसवला, त्याला सकाळच्या वर्तमानपत्रातून कळले की आपला संघ यंदा नाही. त्याला कुणी विचारले नव्हते. विचारण्याची रीतही नव्हती. धेंपो २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये उतरला, याचा आनंद आहे. मधली आठ वर्षे मात्र त्या बाकावरून निघून गेली.

याउलट कोल्हापूर. पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा संघ कुणी पत्र काढून बंद करू शकत नाही. पैसे कमी पडले तर पेठेत वर्गणी फिरते. खेळाडू कमी पडले तर धाकटा भाऊ उतरतो. संघ देशात पहिला येणार नाही, पण पुढच्या वर्षी असेल. गोव्यातही मोठे क्लब बाहेर पडले तेव्हा गावागावांतल्या स्पर्धा थांबल्या नाहीत, कारण ती मैदाने गावाची होती.

आम्ही व्यापारी, नोकरदार माणसे. कंपनीला नावे ठेवत नाही. कंपनीच्या पैशाशिवाय सहा विजेतेपदे आली नसती, आणि वर्गणीच्या संघातून विश्वचषकाचा खेळाडू घडवायला शेवटी सरकारी प्रबोधिनीच लागली. पण टिकण्याचा प्रश्न आला की उत्तर साधे दिसते. ज्याच्यासाठी घरोघर पाच-दहा रुपये दिले गेले आहेत, ते लवकर मरत नाही.

करोनाच्या काळात हे आणखी स्पष्ट दिसले. २०२०-२१ चा सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यात, बंद दरवाजांआड खेळवला गेला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. आमच्या वारीतले मैदान रोज टीव्हीवर, आणि आम्ही घरात. प्रकाशझोत होते, हिरवळ सुंदर होती, खेळही चांगला होता. बाकडी रिकामी होती. चेंडू मारल्याचा आवाज टीव्हीतून ऐकू येत होता. चौघांपैकी एकाने फोनवर म्हटले, "गणपती बसलाय, पण आरतीला माणूस नाही." ते वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही.

आपले मैदान

आता त्या चुकीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गडहिंग्लजला निघालो, तेव्हा आमच्यातल्या एकाचा बारा वर्षांचा नातू बरोबर आला. अंगात एका इंग्लिश क्लबचा लाल शर्ट, त्या क्लबचे सगळे खेळाडू तोंडपाठ. मैदानावर बसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, आपण कुणाचे?" आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. इतकी वर्षे इतरांनी विचारलेला प्रश्न घरातून आला होता. आम्ही म्हटले, "कुणाचेच नाही. आपण पाहुणे." त्याला ते पटले नाही. "मग आपला संघ कुठेय?"

परत येताना गाडीत तो बोलत होता. मध्यंतरात तिथल्या पोरांनी त्याला खेळायला घेतले होते. म्हणाला, "तिथलं ग्राउंड मस्त आहे. आमच्या ग्राउंडवर खड्डे आहेत. आमच्या टीममधल्या एकाचा पाय मुरगळला." आजोबांनी विचारले, "खड्डे कसले रे?" नातू म्हणाला, "गणपतीच्या मांडवाचे."

गाडीत कुणी बोलले नाही. तो मांडव आम्हीच घातला होता. आमच्यातले दोघे त्या वर्षी मंडळाच्या समितीत होते. विसर्जनानंतर बांबू काढले, ट्रक भरला, हिशेब छापला, आणि खांबांचे खड्डे तसेच राहिले. पाऊस संपल्यावर माती घट्ट झाली आणि ते खड्डे मुलांच्या वाट्याला आले. शंभर-शंभर किलोमीटर जाऊन आम्ही लोकांची मैदाने पाहत होतो, त्यांच्या रोलरची, चुन्याच्या रेघांची वाखाणणी करत होतो. आपल्या घरापासून पाच मिनिटांवरचे मैदान मात्र आम्ही कधी मैदान म्हणून पाहिलेच नव्हते. ते आमच्या लेखी मांडवाची जागा होते.

गल्लीगल्लीतली मोकळी पटांगणे कशी गेली हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. एक गाड्या लावायला गेले, एक दुकानगाळ्यांना, एकावर नुसतेच कुंपण पडले. ज्या मोजक्या जागा उरल्या आहेत तिथे वर्षातले दहा दिवस गणपती आणि उरलेले दिवस मुले, असा वाटा आहे. देवाला त्या मुलांची अडचण होत नसावी. तालमीतून कुस्ती, गणपती आणि फुटबॉल एकत्र नांदवणाऱ्या कोल्हापूरकडून आपण एवढे तरी घ्यायला हवे.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे फावडी घेऊन गेलो. नातू आणि त्याचे सहा-सात मित्र आले. दोन ट्रॉल्या मुरूम, थोडी लाल माती, वरून पाणी. दहा वाजेपर्यंत काम संपले. खर्च मांडवाच्या खर्चापुढे नाव घेण्याइतकाही नव्हता. संध्याकाळी मुले खेळली. आम्ही कडेला बसलो, आणि कुंद्याचा डबा पहिल्यांदाच शहराबाहेर न जाता संपला.

यंदाही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही मैदानावर असू. फावडे असेल तर आणा, नसेल तर नुसते या. कुठल्या गल्लीचे, कुठल्या पेठेचे, असे कुणी विचारले तर रागावू नका. सावली कुठे आहे ते तो दाखवील.